मेजर आबा, टाक देवघरातच राहू दिलात

मेजर आबांना सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

खरं तर घरी येऊन सांगायला हवं होतं. पण तुमच्यासमोर आभाराचा 'आ' काढला की तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगता आणि पावसापाण्याचं विचारता. म्हणून चारचौघांत लिहिते. बाहेरगावच्यांसाठी एक खुलासा: आबा पलटणीतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या सातारा भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वीची चंपाषष्ठी आठवते? तळी उचलायला पाचवा माणूस कमी पडत होता म्हणून तुम्हाला हाक मारली. येळकोट येळकोट जय मल्हार झालं, भंडारा उधळला, आणि ताट खाली ठेवताना खंडोबाचा टाक घरंगळून तुमच्या मांडीवर पडला. तुम्ही तो कपाळाला लावलात आणि मग चष्मा शोधू लागलात. सगळे प्रसादाला थांबलेले, आणि तुम्ही टाक उजेडात धरून त्याची कड फिरवताय.

"सूनबाई, हा कुठल्या सोनारानं घडवलाय?"

मला काय माहीत. मी या घरात आले तेव्हापासून तो तिथंच आहे. बाकीचे टाक चौकोनी, वर निमुळते, हा मात्र पुरा गोल. त्यावर घोड्यावर बसलेला उघडा वीर, घोड्याच्या पायाखाली कवटी. सासूबाईंनी सांगितलं होतं, हा आपला खंडोबा आणि खाली मणि-मल्ल. सोबत कुत्रं तेवढं नव्हतं, पण मी कधी विचारलं नाही. वीस वर्षं चिंच लावून घासत आले. मागच्या बाजूला एका टकल्या माणसाचं तोंड आहे हे ठाऊक होतं, पण देव पालथा कोण ठेवतो?

तुम्ही सांगितलंत की हे पहिल्या महायुद्धाचं पदक आहे. तो टकला म्हणजे पंचम जॉर्ज, घोड्यावरचा त्यांचा संत जॉर्ज. घोडेस्वाराच्या डाव्या-उजव्या अंगाला 1914 आणि 1918 असे आकडे असतात, ते आमच्या चार पिढ्यांच्या चिंचेनं पुसले गेले. पण कडेवर चिंच कोण लावतं? कडेवरची अक्षरं शाबूत होती. नंबर, हुद्दा, नाव, आणि '117 महराट्टा'.

घरात एवढंच ठाऊक होतं की थोरल्या पणजोबांचा धाकटा भाऊ तिकडे इराकात बसऱ्याला गेला आणि आला नाही. कधी गेला, कशानं गेला, काही नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्याचं पान दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासोबत.

आणि चावडीतली ती संगमरवरी फरशी. या गावातून इतके जण 1914-1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले, असं इंग्रजीत कोरलेलं. नाव एकही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळे घेतात, तिथले 46 जण त्या एका युद्धात कामी आले. आपले सातच, त्यामुळे आपल्या फरशीवर दर दिवाळीला डिस्टेंपरचा हात फिरत होता. तुम्ही ब्लेड आणि रॉकेलची चिंधी घेऊन दोन दुपारी तिथं बसलात. पोरं विचारायची, आबा काय खरवडताय, तर म्हणायचात, "सात माणसं."

मग तुम्ही शोधायला लागलात. मराठा पलटणीच्या बेळगाव सेंटरमधली ओळखीपाळखी, शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, वरच्या आळीतल्या म्हातारीच्या ट्रंकेतलं पेन्शनचं मोडीतलं कागदपत्र. आणि रात्री नातवाच्या लॅपटॉपवर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या याद्या, इंग्रजी कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेली आपली आडनावं. एकेका आडनावाची पाच-पाच स्पेलिंगं तुम्ही वहीत मांडली होतीत. ती वही मी पाहिली आहे.

तुम्हीच सांगितलंत की 117 म्हणजे आजची पाचवी मराठा बटालियन, 'रॉयल' म्हणतात ती. ती सहाव्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरली आणि कुत-अल-अमारा या गावात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळपास पाच महिन्यांचा वेढा. दाणागोटा संपला, घोडे कापायची वेळ आली, आणि आपल्या शिपायांनी बराच काळ ते मांस तोंडाला लावलं नाही. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी घोड्यावरचा तो देव पुसत होते. फडकं हातातच राहिलं.

आमचा माणूस त्या वेढ्यातच फेब्रुवारीत गेला. त्याची नोंद बसऱ्याच्या स्मारकाकडे. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा 40 हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. पण तिथं दगडावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. आयोगानं 2021 मध्ये हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं, हेही तुम्हीच वाचून दाखवलंत. म्हणजे बघा, चावडीत आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. मला त्या दिवशी फार राग आला होता. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "नोंदवहीत नाव आहे ना, मग ते उतरवून काढू."

तारीख मिळाल्यावर तुम्ही तालुक्याच्या गुरुजींकडून जुनं पंचांग मिळवलंत. तिथी निघाली अष्टमी. गेल्या पितृपंधरवड्यात आम्ही पहिल्यांदा त्याचा म्हाळ अष्टमीला घातला. सासूबाई पानावर बसलेल्यांना वाढता वाढता त्याचं नाव घेत होत्या, जणू तो आत्ताच रजेवर आलाय.

सातांपैकी पाच नावं मिळाली. ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, नावांच्या नव्या फरशीवर पाचच कोरू, नाहीतर ती अर्धवट दिसेल. तुम्ही उठून म्हणालात, दोन ओळी रिकाम्या सोडा. ठराव तसाच झाला. (नावं इथं लिहीत नाही. फरशी लागल्यावर चावडीत येऊन वाचा, असं थोरल्यांचं म्हणणं आहे.)

पण आबा, माझे खास आभार यातल्या कशासाठीच नाहीत.

पदक ओळखल्यावर घरात लगेच चर्चा सुरू झाली. एक म्हणे काचेच्या पेटीत लावू, दुसरा म्हणे चावडीत ठेवू, तिसऱ्यानं तर मोबाईलवर त्याची किंमत शोधली. देवघरात विलायतेचा राजा कसा चालेल, असंही झालं. मी गप्प होते, कारण सुनेला कोण विचारतं. तुम्हाला विचारलं. तुम्ही टाक हातात घेतलात, त्या टकल्या राजाकडे एकदा बघितलंत, आणि होता तसा घोडेस्वार वर करून पाटावर ठेवलात.

"शंभर वर्षं भंडारा खाल्लाय त्यानं. आता खंडोबाच आहे तो," म्हणालात आणि चप्पल घालून निघालात.

आता मी त्याला चिंच लावत नाही. मऊ फडक्यानं पुसते, कड आधी.

येत्या चंपाषष्ठीला तळी उचलायला या, पाचवे नाही, पहिले म्हणून. चष्मा आठवणीनं आणा.

तुमची,
खालच्या आळीतली सूनबाई