कंप्रेसर बंद करणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सादर नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीवर हॅम रेडिओची अँटेना नीट बसवून दिलीत, पण गॅरेजात गाड्यांची रांग होती, म्हणून "येते काका" एवढंच म्हणून निघाले. काल कुंभार्ली घाटात गाडी कडेला घेऊन रेडिओ लावला आणि बेळगावहून उत्तर आलं, "फाइव्ह नाइन", म्हणजे आवाज अगदी स्पष्ट आणि जोरात येतोय. मोबाइलला तिथं एक काडीही रेंज नव्हती. म्हटलं, आता काकांना लिहायचंच.

माझी बहीण चिपळूणला असते. 22 जुलै 2021ला गाव पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावात दरड कोसळली आणि आम्ही इकडे कराडला बंद फोन लावत बसलो होतो. मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी आपसात बोलायच्या बिनतारी संचाचा, परवाना काढला तो त्यानंतरच. मध्ये अख्खा सह्याद्री उभा असल्यानं नुसता व्हीएचएफ, म्हणजे साधारण सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींचा रेडिओ, पुरत नाही. 7 मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावर, आदळून पलीकडे उतरतात. म्हणून गाडीवर त्याच बँडची अँटेना हवी होती.

आणि ती बसवायला कुणी तयार नव्हतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेटही न उघडता "वॉरंटी जाईल" सांगितलं, तेही माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे बघून. ॲक्सेसरीजच्या दुकानात लोहचुंबकाचा बेस घेऊन आले. छप्पर काचेचं, चुंबक चिकटणार कशाला? मग त्यांनी कुठूनतरी केबल ओढली, लायटरच्या सॉकेटातून वीज घेतली, पैसे घेतले आणि मोकळे झाले. शंभर वॉटचा रेडिओ बोलताना वीसेक अँपिअर खेचतो, तेवढं त्या सॉकेटाला झेपत नाही, हे मी सांगत होते. ऐकतंय कोण!

तुम्ही आधी मागच्या खांबाचं प्लास्टिक उतरवलंत आणि टॉर्चच्या उजेडात मला दाखवलंत: अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी, घडी करून ठेवलेली एअरबॅग, आणि नेमकी तिच्यावरून गेलेली ती केबल. माझी मुलगी त्याच बाजूला बसते, काका. तेव्हा मला बोलताही आलं नाही. त्या दुकानदाराचा राग अजून गेलेला नाही.

बाकी कामाचं मी काय सांगावं! डिकीच्या झाकणाला मिळणारं अर्थिंग बिजागरीवर सोडून चालत नाही, हे एकदा सांगितलं तर तुम्ही लगेच विणलेली तांब्याची पट्टी झाकणापासून बॉडीपर्यंत जोडलीत. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटरवर तीनच्या वर अडला होता, तो दीडच्या खाली आला. निगेटिव्ह वायर बॅटरीच्या टोकाला न लावता बॉडीला घेतलीत, कारण त्या टोकावर सेन्सर असतो. हे मला माहीत नव्हतं.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. रेडिओत किर्र आवाज येत होता आणि तो गाडीचा की बाहेरचा, ते कळेना. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "पोरांनो, जरा सगळं बंद करा." कंप्रेसर थांबला, पंखे थांबले, ट्यूबलाइट गेल्या. टायरमध्ये हवा भरायला आलेला माणूससुद्धा गप्प उभा राहिला. तुम्हाला रेडिओतलं काही कळत नव्हतं, तरी कान लावून बसलात. किर्र चालूच होतं. मग तुम्ही गाडीच्या सॉकेटातला मोबाइल चार्जर उपटलात आणि आवाज एकदम गेला! एका बाईच्या छंदासाठी, भर गर्दीच्या वेळी, चालतं गॅरेज थांबवलंत. वर मला म्हणालात, "आता नीट ऐका ताई, अजून काही राहिलंय का?"

असं विचारणारी माणसं आहेत म्हणून आपली कामं होतात. समोरच्याची अडचण पूर्ण कळली नाही तरी ती खरी मानायची, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. शिकलेल्या, गणवेशातल्या माणसांना हे जमलं नाही, तुम्हाला सहज जमलं.

आमच्या हॅम मंडळीतले काहीजण तुमचा पत्ता मागतायत. सगळ्यांच्या गाड्या नव्या, सगळ्यांची हीच रड. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही. हो म्हणत असाल तर पाठवते, पण एका अटीवर: माझ्याकडून फक्त पट्टी आणि फ्यूजचे पैसे घेतलेत, तसं त्यांच्या बाबतीत करायचं नाही. मजुरी पूर्ण लावायची. माझी राहिलेली मजुरी घेऊन शनिवारी मी येतेच आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
डिकीवर अँटेना असलेल्या गाडीवाली ताई