टीबी रोखण्यासाठी शिधा व प्रवासखर्च निधी : सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं आपलं मंडळ सांगलीकरांना नवं नाही. १ एप्रिल २००४ ला सरकारनं एआरटीची (एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी) औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या माणसांना त्यासाठी मुंबईला जे. जे. रुग्णालय गाठावं लागे. त्या दिवसांत गणपती पेठेतल्या धान्याच्या व्यापाऱ्यांनी कुणाचं नाव न विचारता तांदूळ-डाळ दिली. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांनी दर दिवाळीला रोख मदत केली, हमाल बांधवांनी आठवड्याच्या मजुरीतून पैसे काढले. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तर पेन्शनमधून आपल्या चार मुलांची शाळा पार पाडली. बाई आज नाहीत, मुलं नोकरीला लागली आहेत. हे ऋण मंडळ कधीच विसरणार नाही.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र फारच थोड्यांनी दाद दिली. "गोळ्या सरकार फुकट देतं, मग पैसे कशाला?" असंही ऐकावं लागलं. मनाला लागलं. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

एआरटीमुळे टीबीचा धोका निम्म्याहून कमी होतो, पण संपत नाही. उपचार सुरू झाल्यावरचे पहिले काही महिने तर फार जपावे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वाधिक मृत्यू आजही टीबीनंच होतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं काही नसेल तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आठवड्याला एक असे बारा डोस. गोळ्या मोफतच आहेत. पण पोटात अन्न नसलं की मळमळतं आणि गोळी चुकते. जत-आटपाडीकडून सांगलीला तपासणीला यायचं तर त्या दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. टीबी झाल्यावर निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. तो होऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. आपला निधी नेमका याच माणसांसाठी आहे, आणि शिल्लक रक्कम जेमतेम दिवाळीपर्यंत पुरेल.

एका घराचा महिन्याचा शिधा (ज्वारी, तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, गूळ, तेल) व भाडं मिळून अंदाजे ९०० रु. रोख, चेक, धान्य काहीही चालेल. कार्यालय सायं. ५ ते ७, रविवारी बंद. खाते क्रमांक जुन्या पावतीवरचाच. पावती खजिनदारांकडून मागून घ्यावी. धान्य २५ तारखेच्या आत. शिधा पोचवायला रिक्षावाले बांधव हवे आहेत. लाभार्थ्यांची नावं वा फोटो कृपया मागू नयेत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ती गुप्त ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे.

आपली नम्र,
चिटणीस