निळा लेझर एकच, भांडण मात्र दोन डिस्कांचं

नागपूर,
रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. डीव्हीडीनंतर जास्त स्पष्ट चित्राच्या सिनेमांसाठी दोन डिस्का आल्या, सोनीच्या गटाची ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी. त्यात ब्लू-रे सरस होती म्हणून जिंकली आणि एचडी डीव्हीडी टाकाऊ होती म्हणून बुडाली, असं तू सरळ लिहून टाकलंस. मला ते पटत नाही. फोनवर हे नीट सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अरे, दोघींचा लेझर एकच होता, निळा, 405 नॅनोमीटर तरंगलांबीचा. डीव्हीडीचा लाल लेझर 650 चा, म्हणून तिच्या एका थरात 4.7 जीबीच मावायचे. फरक होता तो थराच्या खोलीत. एचडी डीव्हीडीचा माहितीचा थर डीव्हीडीसारखाच पृष्ठभागाखाली 0.6 मिलिमीटरवर, तर ब्लू-रेचा फक्त 0.1 वर. थर इतका वर आणला की लेझरचा ठिपका आणखी बारीक करता येतो; म्हणून ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी, एचडी डीव्हीडीच्या 15. पण वर आलेल्या थराला ओरखड्यांची धास्ती. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्का तर प्लास्टिकच्या डबीत बंद असायच्या. टीडीके या जपानी कंपनीचा कडक लेप आला तेव्हा कुठे ती डबी सुटली. याउलट तोशिबाची डिस्क डीव्हीडीच्याच कारखान्यात थोडेफार बदल करून काढता येत होती. हा विचार मला आजही शहाणपणाचा वाटतो.

मग ती हरली कशी? सोनीने 2006 च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन 3 या आपल्या गेमच्या यंत्राच्या पोटातच ब्लू-रे बसवून दिली. पोरांनी खेळायला यंत्र आणलं आणि घरात प्लेअर आपसूक आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या गेमच्या यंत्राला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह मिळायचा, पण वेगळा, वरचे पैसे मोजून. तोवर वॉर्नर ही हॉलिवूडची सिनेमा कंपनी दोन्हींवर सिनेमे काढत होती. 4 जानेवारी 2008 ला तिने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. ज्यांनी विश्वासाने तोशिबाचे प्लेअर घेतले, त्यांना पुढे नवे सिनेमे मिळेनात. मला राग येतो तो याचा. 1995 मध्येही सोनी-फिलिप्स एका बाजूला आणि तोशिबा-टाइम वॉर्नर दुसऱ्या, अशी जुंपली होती. तेव्हा आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी दम भरला, की एकच डिस्क आणा. त्यातूनच डीव्हीडी निघाली. पुढच्या खेपेला असा दम भरणारं कोणी उभं राहिलं नाही, आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला.

आपल्या नागपुरात तेव्हा काय चाललं होतं आठव. बर्डीच्या बाजारात ढीग लागायचे ते व्हीसीडीचे, म्हणजे साध्या सीडीवरच्या सिनेमांचे. चित्र 352 बाय 288 चं, एका सीडीत जेमतेम सव्वा तास, म्हणून ऐन रंगात उठून दुसरी सीडी लावायची. त्यात भर उन्हाळ्यात लोडशेडिंग. मग मोझर बेअर या आपल्याकडच्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला आणली, आणि सिनेमा विकत घेऊन घरी ठेवणं आपल्यासारख्यांना प्रथमच परवडलं. मला विचारशील तर आपल्या घरांत खरी क्रांती केली ती या स्वस्त डिस्कांनी. निळ्या लेझरची पाळी आपल्याकडे धड आलीच नाही. लोक सीडीवरून थेट मोबाइलवर गेले.

आता कामाचं. जुन्या सीड्या काढून टाकतो म्हणतोस. सिनेमाच्या छापील सीड्यांचं तू ठरव. पण ताईच्या लग्नाची आणि तुझ्या मुंजीची सीडी फोटोवाल्याने संगणकावर लिहून दिलेली आहे. तिच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन-उकाड्याने तो थर खराब होतो. त्या दोन्ही आधी हार्ड डिस्कवर उतरवून घे. ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे यूएसबीवर चालणारा आहे, कुरिअरने पाठवतो. काका-काकूंना नमस्कार सांग, आणि ड्राइव्हचं काय ते लवकर कळव.

तुझा,
नागपूरचा मित्र