टी-शर्टची गोधडी : वर टी-शर्ट, पोटात लुगडेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या टी-शर्टच्या गोधड्या (आमच्याकडे वाकळ) शिवण्याची हौस सध्या वाढली आहे, ऑर्डरीही घेतल्या जातात. चांगलेच आहे. पण कृती सगळीकडे एकच सांगितली जाते : चौकोन कापा, जोडा, आत आणखी टी-शर्ट पसरा, धावदोरा घाला. अशी गोधडी दोन-तीन धुण्यांत लोंबते, मध्ये फुगते आणि बोल शिवणारणीला लागतो. चूक तिच्या हाताची नसते, कापडाची निवड चुकलेली असते.

लुगडे, धोतर ही मागावरची कापडे. त्यात उभा-आडवा धागा एकमेकाला धरून असतो. टी-शर्ट होजिअरीचा, त्यात फाशात फासा अडकवलेला असतो. म्हणून तो आडवा भरपूर ताणतो, उभा कमी, आणि कापलेली कड गुंडाळून बसते. शिवाय वजन आहेच. चौरस मीटरला 180 ग्रॅम अशा नेहमीच्या जाडीचे कापड धरले, तर 5 बाय 7 फुटांचा एक थर 600 ग्रॅमच्या आसपास जातो. चार थरांची गोधडी कोरडीच जवळपास अडीच किलो; ओली दोरीवर टाकली की स्वतःच्या भाराने लांबते आणि पावसाळ्यात वाळतही नाही. तेव्हा टी-शर्ट फक्त वरच्या थराला. पोटात आणि पाठीला जुने सुती लुगडेच हवे. नवे मांजरपाट घ्यायचे तर आधी पाण्यात काढून घ्यावे, नाहीतर ते नंतर धुतल्यावर आटते आणि वरचे चौकोन चुण्या धरतात.

टी-शर्टही पारखून घ्यावेत. मॅरेथॉनमध्ये वाटतात ते आणि मंडळांचे बरेचसे पॉलिस्टरचे असतात. ओळखायला एक धागा जाळून पाहावा. सुताची भुसभुशीत राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टरची कडक गोळी होते. अशी गोळी झाली तर तो टी-शर्ट बाजूला ठेवावा, कितीही आवडता असो. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून रंग जातो का तेही पाहावे.

आता माप. 13 इंचाचा चौकोन कापला की दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन 12 इंच उरतो. 5 बाय 7 फुटांना असे 35 चौकोन लागतात. पुढून एक, पाठीतून एक धरल्यास मोठ्या मापाचे 18 टी-शर्ट पुरतात. कापताना बाजूच्या शिवणीवर भिस्त ठेवू नये. धुऊन धुऊन ती शिवण पोटावर फिरून आलेली आपण पाहतोच. तिच्या ओळीत कापलेला चौकोन तिरका निघतो. सुलट बाजूला फाशांच्या उभ्या रेघा दिसतात, त्या धरून कापावे. साधे, बिनचित्राचे तुकडे जागा भरायला आडवे फिरवून लावले जातात, तेही टाळावे. ताणणारी बाजू न ताणणाऱ्या बाजूला जोडली की शिवण लाटेसारखी होते.

मशीनवर जोडणारे प्रत्येक चौकोनामागे इस्त्रीने चिकटणारे अस्तर (फ्युजिंग) लावतात. मशीनला ते ठीक, आणि सुईही होजिअरीची, बोथट टोकाची घ्यावी. साधी सुई फासा तोडते आणि भोक धुतल्यावर दिसते. हातशिवणीत मात्र फ्युजिंगमधून सुई ओढताना बोटे भरून येतात, गोधडीचा मऊपणाही जातो. चौकोन हाताने जोडताना दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यावा, म्हणजे कापड ताणले तरी दोरा तुटत नाही. रबरी छपाईवर उलट्या बाजूनेच इस्त्री फिरवावी. छपाईतून धावदोराही नेऊ नये, सुईची भोके बुजत नाहीत. चित्राला वळसा घालावा.

सगळ्यात जास्त बिघडते ते थर धरताना. आपली रीत कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत जाण्याची. लुगड्यावर लुगडे असेल तर ती उत्तम. वर टी-शर्ट असला की प्रत्येक फेरीत थोडे थोडे कापड पुढे सरकते आणि शेवटी मध्यभागी पिशवी तयार होते. म्हणून आधी मधून कडेकडे, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. कापड हाताने सपाट करावे, ओढू नये. मग खुशाल कडेने फेऱ्या धराव्यात. फेऱ्यांत इंचभर अंतर ठेवले तर 5040 इंच, म्हणजे 128 मीटर शिवण होते. जाड सुती दोरा दीडशे मीटर तरी हाताशी असावा.

गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, साडीचे काठ छान दिसतात, पण ते पोटाचे थर कापण्याआधी काढून ठेवावेत. या गोधडीचा घेर 24 फूट. साडेपाच मीटरच्या साडीचा एक काठ 18 फुटांतच संपतो, दोन्ही लागतात. नऊवारीचा एक पुरतो.

ऑर्डर देणाऱ्यांनी पोटात काय घातले ते विचारावे, आणि ताब्यात घेताना गोधडी आडवी धरून दोन्ही हातांनी ताणून पाहावी. लुगडे असेल तर ती जागची हलत नाही. रबरासारखी आली तर आतही टी-शर्टच आहेत.

– एक शिवणशिक्षिका, सातारा