मोजणीवाल्या काकांना उघड पत्र

आदरणीय काका,

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं असतंत आणि मग "यात माझं काय एवढं" म्हणून घडी घालून ठेवलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. मुंबईत आजही कुणी ओढ्यासाठी, कुणी तळ्यासाठी, कुणी खाडीसाठी भांडतंय. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मरोळच्या वरच्या अंगाला, आरेच्या जंगलाच्या कडेने उतारावरून एक ओढा येतो आणि मिठी नदीला मिळतो. पावसाळ्यात भरून वाहतो, दिवाळीपर्यंत झिरपत राहतो, उन्हाळ्यात कोरडा पडतो. कोरडा पडला की लोकांना ती जागा मोकळी दिसायला लागते. रात्री रॅबिटचे, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचे, डंपर येऊ लागले, खड्डा भरत गेला, सपाटी झाली, निळे पत्रे उभे राहिले. लग्नाचं लॉन आणि पार्किंग होणार असं कानावर आलं. आम्ही तक्रारी केल्या, सह्या गोळा केल्या, फलक धरून उभे राहिलो. सगळीकडून उत्तर एकच मिळायचं: नकाशात इथे नाला नाही.

त्या वेळी आमच्या गटात जीव उरला नव्हता. आमच्यातले बरेच जण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेत होते. ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना नवीन लढा उभारायचा म्हटलं की छातीत धस्स होतं. मेट्रो शहराला हवी आहे, मीही तिने जाते, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण कारशेडची ती ३३ हेक्टरची जागा मिठीच्या काठावरची होती, आणि इतकी वर्षं झाडं मोजताना पाण्याची बाजू मागेच राहिली असं मला आजही वाटतं. ती मांडणारे होते. ऐकणारे कमी पडले.

आमच्या सभेत तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होतात. बोलणाऱ्यांची बोलणी संपल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "गावनकाशा कुणी पाहिलाय का? जुना?" कुणीही पाहिला नव्हता. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे, म्हणून तुमची सगळी नोकरी गेली, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

पुढचे रविवार मला आयुष्यभर पुरतील. तुमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे, चारी कोपऱ्यांवर काकूंचे डबे ठेवायचे. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कशा वाचायच्या ते तुम्ही तिथे शिकवलंत. रेषांची टोकं चढाच्या दिशेने आत वळलेली दिसली की तिथून पाणी वाहतं, उताराकडे फुगलेली दिसली की ती डोंगराची सोंड. मग म्हणालात, आता आपला उतार शोधा. आमच्यातल्या बारावीच्या मुलीने पेन्सिल धरली आणि एकेका टोकातून रेघ ओढत खाली आली. ती रेघ बरोबर निळ्या पत्र्यांखालून गेली आणि मिठीला लागली. कुणी काहीच बोललं नाही. तुम्ही मात्र लगेच म्हणालात, "हा पुरावा नाही. हा अंदाज. आता कागद."

कागदांची वाटही तुम्हीच दाखवलीत. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, इतपत आम्हाला माहीत होतं. पण प्रती मागण्याआधी अभिलेखाची पाहणी मागायची, कारण काय मागायचं ते पाहिल्याशिवाय कळत नाही, हे तुम्ही सांगितलंत. गावनकाशा, फाळणीचा (जमिनीच्या पोटहिश्श्यांचा) नकाशा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), जुना सातबारा या क्रमाने मागा म्हणालात. एका कार्यालयात आम्हाला बराच काळ बाकावर बसवून ठेवलं, तेव्हा तुम्ही डबा उघडून शेजारच्या शिपायाला पोळीभाजी दिलीत आणि त्याच्या गावच्या मोजणीची चौकशी करत बसलात. कपाट उघडलं गेलं.

जुन्या गावनकाशावर ओढा होता. दोन रेघांमध्ये, वाकणासकट. आणि सातबाऱ्यावर तेवढं क्षेत्र पोटखराबा 'ब' म्हणून लावलेलं होतं. खराबा म्हणजे नापीक, बिनकामाची जमीन, असाच आमचा समज. तुम्ही समजावलंत की 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन आणि 'ब' म्हणजे रस्ते, नाले, तळी अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली. मग जमीन महसूल संहिता १९६६ काढलीत आणि कलम २० आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतलंत: ज्या कुणा खासगी मालकाच्या नाहीत अशा नद्या, ओढे, नाले, तळी यांचे तळ आणि त्यातलं वाहतं-साचतं पाणी राज्य शासनाचं. तोवर आम्ही निसर्गप्रेमी होतो. त्या दिवसापासून आमच्या हातात सार्वजनिक मालमत्तेचा दाखला होता, आणि टेबलापलीकडच्या माणसांचा सूर बदललेला आम्ही स्वतः ऐकला.

तुमची सर्वांत मोठी मदत मात्र वेगळीच, आणि ती आम्हाला पचायला जड गेली. तुम्ही आमचे अर्ज कापलेत. आमच्या हरकतीच्या पहिल्या मसुद्यातली निम्मी वाक्यं तुम्ही लाल शाईने खोडलीत. "हजारो डंपर" कुणी मोजले? "अधिकाऱ्यांचं संगनमत" कशावरून? जे दाखवता येत नाही ते लिहायचं नाही. राग आला होता काका, खोटं कशाला सांगू. पण उरलेलं प्रत्येक वाक्य असं होतं की समोरच्याला ते खोडता आलं नाही. सुनावणीत आमच्या अर्जाच्या एकाही ओळीवर बोट ठेवता आलं नाही, त्याचं श्रेय त्या लाल शाईला आहे.

आणि पावसाचं गणित. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हे तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलंत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे एकेका हेक्टरवर ९४ लाख लिटरहून जास्त. उतारावर झाडोरा, पालापाचोळा, मुरूम असेल तर त्यातलं काही मुरतं, बाकीचं अडखळत खाली येतं. काँक्रीट आणि दाबलेला भराव असेल तर जवळजवळ सगळं एकदम सुटतं. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमपर्यंत सुमारे १८ किलोमीटर जाते. तिच्या काठावर मरोळ, साकीनाका, जरीमरी, कुर्ला, धारावी आहे. वर लॉन झालं की कुणाच्या घरात पाणी शिरेल, हे तुम्ही नकाशावर बोट फिरवत दाखवलंत, तेव्हा कुर्ल्याहून आलेल्या ताई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. २००५ ला त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्या दिवसापासून हा लढा मरोळपुरता राहिला नाही. शहरातले जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, ते ५० पर्यंत नेण्यासाठी कोट्यवधी रुपये ओतले गेले. वरचे फुकटचे ओढे बुजवायचे आणि खाली पैसे घालून नाले रुंद करायचे, याला नियोजन म्हणवत नाही.

एका गोष्टीसाठी तुम्हाला खास नमस्कार. जागेची पाहणी करायची ठरली तेव्हा तुम्ही म्हणालात, पाड्यावरच्या माणसाशिवाय मी पाऊल टाकणार नाही. आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत, आणि आमच्यातल्या कित्येकांनी तोवर एकाही घरात पाणी प्यायलं नव्हतं. पाड्यावरच्या आजी पुढे, तुम्ही मागे टिपणवही घेऊन. त्या उंबराकडे बोट दाखवायच्या, करंजाकडे दाखवायच्या, पहिल्या पावसानंतर खेकडे कुठे निघतात ते सांगायच्या, शेवळांची रानभाजी कुठल्या बांधाला येते ते सांगायच्या. तुम्ही प्रत्येक जागेची नोंद केलीत. नंतर ते बिंदू जोडले तर गावनकाशातल्या ओढ्याचंच वाकण निघालं. तुम्ही आजींना हात जोडून म्हणालात, "माझी फळी आणि साखळी तुमच्यापुढे काहीच नाही." अर्जावर पहिला अंगठा त्यांचा घ्यायचा, हा आग्रहही तुमचाच.

पवई तलावाच्या सायकल ट्रॅकचं कात्रण तुम्ही फाइलच्या पहिल्या पानाला लावलं होतंत. ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवलं, ते काढून टाकून जागा पूर्ववत करायला सांगितलं. याचिका करणाऱ्यांत आयआयटीचे विद्यार्थी होते. "पोरांना जमलं," एवढंच तुम्ही त्याखाली लिहिलं होतंत. बारावीच्या आमच्या मुलीने त्या पानाचा फोटो फोनवर लावला आहे. तिला आता नियोजनाचा अभ्यास करायचा आहे.

आज कुठवर आलोय तेही लोकांना सांगायला हवं. संयुक्त पाहणी झाली, पंचनाम्यात ओढ्याची नोंद आली, भराव टाकणं थांबलं आणि त्यातला बराचसा उचलला गेला. पत्रे अजून उभे आहेत. जागेच्या वापराचा प्रश्न सुनावणीत अडकला आहे आणि समोरच्या बाजूचे वकील चांगले आहेत. पण या पावसाळ्यात ओढा त्याच्या जागेवरून वाहिला, आजींच्या घरामागचा बांध ओला राहिला, आणि "नकाशात नाला नाही" हे आता कुणी म्हणत नाही.

झेरॉक्सच्या प्रत्येक रुपयाचा हिशोब तुम्ही वहीत लिहून आम्हाला दाखवायचात, आणि स्वतःच्या रिक्षाभाड्याची नोंद त्यात कधीच नसायची. ते आम्हाला दिसत होतं, काका. काकूंनाही माझा नमस्कार सांगा. इतके रविवार त्यांनी घर आमच्या स्वाधीन केलं आणि आम्हा सगळ्यांना जेवू घातलं.

ओशिवऱ्याच्या बाजूचा एक गट नकाशा वाचायला शिकायचं म्हणतोय. तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यांना होकार दिला आहे. आधी आम्ही शिकवतो, अडलं तर तुमच्याकडे येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की डॉक्टर सांगतील तितके दिवस नकाशाला हात लावायचा नाही, काकूंना मी तसं बजावून ठेवलंय. सुनावणीची तारीख लागली की फोन करते. नवीन अर्जाचा मसुदा तयार आहे, लाल पेन आणते.

तुमची विद्यार्थिनी,
मरोळच्या गटातली