अण्णा, तमिळ सिनेमांसाठी तुमचे जाहीर आभार

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

हल्ली ऑफिसात कुणाला शनिवार-रविवारसाठी सिनेमा हवा असला की माझ्या टेबलाशी येतात. "मॅडम, तमिळमध्ये नवीन काय?" मी एखादं नाव सांगते, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगते आणि जाणकार म्हणून मिरवते. हे सगळं भांडवल तुमचं. तुमच्या निरोप समारंभात साहेब तुमच्या चोख हिशेबाबद्दल भरभरून बोलले, शाल-श्रीफळ झालं, पण या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. धारावीत वाढलेल्या तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिकडे तिरुनेलवेलीत बसून यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढाल, ते गृहीत धरलंय.

आपल्याकडे रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, म्हणजे आपल्यातलेच, एवढं सांगून झालं की तमिळ सिनेमावरचं बोलणं संपतं. उरलेलं ज्ञान दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी डबिंगचं. त्यात हिरो, व्हिलन, हिरोची आजी, सगळे एकाच ठेक्यात बोलतात. तुमची पहिली अट त्यामुळेच होती: आवाज मूळचाच ठेवायचा, खालची अक्षरं वाचायची, आणि अडेल ते दुसऱ्या दिवशी डबा खाताना विचारायचं. दुसरी अट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, पण तुमच्या उत्तरांवरून ती मला कळत गेली. हिरो काय करतोय ते सगळेच बघतात, त्याच्या मागे उभा असलेला माणूस काय काम करतोय ते बघायचं.

सुरुवात मारी सेल्वराज यांच्या 'वाळै'पासून करते, कारण तो सिनेमा माझ्या अजून डोक्यातून गेलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमधला. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या लहानपणावर बेतलेला. शाळकरी पोरगा, हुशार, बाईंवर जीव असलेला, मित्राशी रजनी की कमल यावरून भांडणारा. सुट्टीच्या दिवशी मात्र आई त्याला केळीच्या बागेत घड वाहायला पाठवते, कारण व्यापाऱ्याची उचल फेडायची असते. चिखलातून वाट काढत डोक्यावर घड घेऊन चाललेली ती माणसांची रांग! माझं माहेर रावेरचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. केळीच्या गाड्या भरताना मी जन्मापासून बघितल्यात, पण बघितल्या त्या बांधावरून. आमच्या घरात केळी म्हणजे भाव, वादळ, करपा आणि पीकविमा. घड वाहणाऱ्यांची मान संध्याकाळी कशी होते हा विषय जेवणात कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यावर बसलो तेव्हा तुम्ही सिनेमाबद्दल काही बोललाच नाहीत. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही, म्हणून तुमच्या आत्या त्या कामाचा एक कपडा वेगळाच ठेवायच्या, एवढंच सांगितलंत. मी तो सिनेमा परत लावला आणि पूर्ण वेळ कपडेच बघत बसले.

सिनेमात पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघावा. पण घडांवर बसवून माणसं घरी नेणारी ती लॉरी दिसली आणि मला किनगाव आठवलं. २०२१ च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि माल भरून परतणारे पंधरा मजूर गेले, बरेचसे आमच्या रावेर तालुक्यातले. पेपरात दोन दिवस बातमी होती. आमच्याकडे त्यावर कुणी सिनेमा काढला नाही. सेल्वराज यांनी त्यांच्या गावच्या लॉरीवर काढला आणि तो मला कळला तो तुमच्यामुळे. आभार मानायला खरं तर एवढंच पुरे होतं.

त्याच दिवशी, म्हणजे २३ ऑगस्टलाच, पी. एस. विनोतराज यांचा 'कोट्टुक्काळि' आला होता. तो तुम्ही मला उशिरा दिलात आणि बरं केलंत, आधी दिला असतात तर मी दहा मिनिटांत बंद केला असता. पार्श्वसंगीत नावालाही नाही. एका मुलीचं खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे, म्हणजे तिला काहीतरी 'लागलंय', असं ठरवून घरचे तिला रिक्षात घालून देवऋषाकडे निघालेत. सोबत बळी द्यायचा कोंबडा. अॅना बेन जवळजवळ अख्खा सिनेमा एक शब्द बोलत नाही आणि तरी तिच्यावरून नजर हलत नाही. विनोदी नट म्हणून नाव झालेल्या सूरीला इथे बघून मी चाट पडले. वाटेत एक बैल आडवा येतो. मिशीला पीळ देणारे सगळे बाप्ये मागे सरतात आणि एक चिमुरडी येऊन त्याला सहज बाजूला घेते. दिग्दर्शक त्यावर थांबत नाही, टाळी मागत नाही, रिक्षा पुढे जाते. हाच प्रसंग आपल्याकडे असता तर मागे तुतारी वाजली असती.

'बायसन' मात्र मी माझ्या हिमतीवर बघितला, २०२५ च्या दिवाळीत, थिएटरात. पुन्हा सेल्वराजच, आणि विषय कबड्डी. मणती गणेशन या खेळाडूच्या आयुष्यावरून सुचलेला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला हा माणूस, पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. माझे मामा लालबागला खेळायचे, त्यामुळे चढाईपटूचा पाय मध्यरेषेकडे कसा ताणला जातो ते मला कुणी शिकवायला नको. ध्रुव विक्रमच्या चढाया खऱ्या वाटतात. पण सिनेमा खिळवतो तो बापाचं काम करणाऱ्या पशुपतीमुळे. पोरगा चांगला खेळतो याचीच त्या बापाला भीती वाटते, कारण गावात दोन जातींचं वैर पेटलंय आणि चांगलं खेळणारा पोरगा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. सिनेमा लांबलाय, अण्णा. खून, बदला, पुन्हा खून यातली वीस मिनिटं सहज कमी झाली असती. तुम्ही फोनवर म्हणालात, "त्या वर्षांत तिकडे असंच लांबलं होतं." त्यावर मी काय बोलणार!

आता आपलं भांडण. 'मेय्यळगन'. वडिलोपार्जित घर भाऊबंदकीत गेलं म्हणून तंजावर सोडून चेन्नईला गेलेला माणूस बावीस वर्षांनी बहिणीच्या लग्नाला त्या भागात येतो, रात्रीतच परत फिरायच्या बेताने. तिथे एक नातेवाईक त्याला गळामिठी मारतो, खाऊपिऊ घालतो, रात्रभर बोलतो, आणि या गृहस्थाला त्याचं नावच आठवत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. अरविंद स्वामी आणि कार्ती. प्रदर्शित झाल्यावर लांबलाय म्हणून ओरड झाली आणि सुमारे अठरा मिनिटं कापली. तुमचं म्हणणं, कापायला नको होता. माझं म्हणणं, अजून थोडा कापला तरी चाललं असतं, कार्ती रात्री जरा जास्तच भाषणं देतो. पण लग्नाच्या स्टेजवरचा प्रसंग? तिथे एक सेकंद कमी केला असता तर मी चालू दिलं नसतं. भावाने आणलेला आहेर नवरी तिथल्या तिथे उघडते, खाली ताटकळलेल्या पाहुण्यांची रांग गेली उडत. मी त्या प्रसंगाला इतकी रडले की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्याही बसल्या, आणि खालचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही तरी शेवटपर्यंत बघितला.

'लबर पंदु'चे वेगळे आभार, कारण त्यामुळे आमचे हे तमिळ सिनेमाला लागले. रबरी चेंडूच्या गावठी क्रिकेटमधला उतरत्या वयाचा बॅट्समन आणि त्याला बाद करणारा पोरगा, आणि त्याच पोराचं याच्या मुलीवर प्रेम. अट्टकत्ती दिनेशने म्हातारपण नाकारणारा तो माणूस असा काही उभा केलाय की अलिबागच्या टेनिस क्रिकेटमधले निम्मे कॅप्टन त्यात दिसावेत. बायको चिडून थेट पिचवर ट्रॅक्टर घालते, तिथे आमच्याकडे खुर्चीतून उठून टाळ्या झाल्या. आणि गंमत चालू असतानाच कुणाला संघात घेत नाहीत आणि का, हे सिनेमा बरोबर सांगून जातो.

'महाराजा'वर आपलं जमणार नाही. पटकथेची वीण जबरदस्त, केशकर्तनालय चालवणारा विजय सेतुपती उत्तम, कचऱ्याच्या डब्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात बसणं तर धमालच. पण एका मुलीवरचा अत्याचार शेवटच्या धक्क्यासाठी झाकून ठेवायचा, हे माझ्या पचनी पडलं नाही. 'टूरिस्ट फॅमिली' गोड आहे, थोडी जास्तच. श्रीलंकेतून पळून आलेल्या कुटुंबाला भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विरघळतो. अख्ख्या चेन्नईत एक तरी खडूस घरमालक असेल की नाही?

रजनीच्या 'कुली'बद्दल मी गप्प बसते. तुम्ही माटुंग्याच्या अरोराला रजनीच्या कटआऊटवर दूध ओतलेलं आहे, त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणते, की पन्नास वर्षं पडद्यावर काढलेल्या माणसाला याहून बरी गोष्ट द्यायला हवी होती. 'काला'मध्ये होती की! तिथे समोर नाना पाटेकर होते आणि भांडण जमिनीचं होतं. आता त्यातली धारावी चेन्नईत सेट लावून उभी केलेली, आणि तुम्ही प्रत्येक गटाराची चूक काढत बसायचात, तो भाग वेगळा.

अण्णा, तुमचा ड्रॉवर नवीन मुलाला दिलाय. तुमची सिनेमांची यादी त्यात निघाली, ताळेबंदाच्या कोऱ्या कागदामागे लिहिलेली. ती माझ्याकडे आहे. तिच्यातला 'परियेरुम पेरुमाळ' आता लावणार आहे. 'फँड्री' बघून आलात तेव्हा तुम्ही दोन दिवस डब्यावर गप्प होतात, आणि मग या 'परियेरुम पेरुमाळ'चं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलंत, त्यामुळे जरा तयारीने बसेन. पोंगलला फोन करते, पण नव्या सिनेमाचा शेवट सांगून टाकायचा नाही. आणि 'मेय्यळगन'ची न कापलेली प्रत मिळाली तर पाठवा. वाद तेव्हा पुढे चालवू.

काकूंना नमस्कार.

तुमची,
अकाउंट्समधली शेजारीण