कंपोझिटमध्ये बोल्टपेक्षा होल बघा

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतला कंपोझिट मटेरियलवरचा (म्हणजे कार्बन फायबरसारखे धागे रेझिन नावाच्या प्लास्टिकसारख्या द्रव्यात बसवून थरांवर थर चढवलेलं मटेरियल) लेख वाचला, चांगलाय, पण सगळा भर हलकं आणि मजबूत यावरच. बोइंग ७८७ च्या वजनात साधारण निम्मं कंपोझिट असतं हे खरं, पण ते भाग एकमेकांना धरून ठेवतं कोण? बऱ्याच ठिकाणी साधे बोल्टच, आणि गडबड सुरू होते ती बहुतेक वेळा तिथेच, होलपाशी.

स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये होलच्या कडेला ताण वाढला की धातू जरा यील्ड होतो, म्हणजे न तुटता थोडा ताणला जातो, आणि लोड शेजारच्या बोल्टकडे सरकतं. कार्बन फायबर असलं काही करत नाही, तुटेपर्यंत ताठच. त्यामुळे लोडच्या दिशेने एका ओळीत चार बोल्ट लावले तरी टोकाचे दोन जास्त लोड खातात आणि मधले दोन निवांत असतात. बोल्ट दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट हा हिशोब इथे विसरायचा.

फेल व्हायचे प्रकारही वेगवेगळे. बेअरिंग नावाच्या प्रकारात बोल्ट होलच्या एका बाजूला दाबत राहतो, तिथले फायबर चुरडतात, होल लांबट होतं, पण हे हळूहळू होतं म्हणून डिझाइनवाले मुद्दाम हाच प्रकार आधी येईल असं बघतात. पट्टी अरुंद असेल तर मात्र ती होलमधून आडवी फाटते, खाडकन, आधी काही कळतही नाही. होल कडेच्या फार जवळ असेल तर बोल्ट पुढचा तुकडाच बाहेर ढकलतो. म्हणून होलच्या सेंटरपासून कडेपर्यंत निदान व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवतात आणि रुंदी चार ते सहा पट. पण सगळे फायबर लोडच्याच दिशेने टाकलेत तर अंतर कितीही ठेवा, तुकडा निघणारच, लोडच्या दिशेला ४५ अंशात तिरके टाकलेले थर हवेतच.

आणि ड्रिलिंग! वरून होल एकदम गोल, चकाचक, आणि पार्ट उलटा केला की मागचा शेवटचा थर उचकटलेला, फायबरच्या कुसळ्या बाहेर. बिट बोथट आणि मागे आधार नाही, दुसरं काय होणार. इथून थर सुटायला लागतात.

बोल्ट नीट टॉर्क केला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळला, तर चुरडलेले फायबरसुद्धा वॉशरखाली दाबून राहतात आणि जॉइंट बराच जास्त लोड घेतो, फक्त रेझिन काळानुसार सैलावतं, गरमीत अजूनच, त्यामुळे पहिल्या दिवशीची पकड कायम राहील असं धरून चालता येत नाही. कार्बनला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट लावले तर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं, टायटॅनियम महाग असूनही वापरतात ते यासाठीच.

लेखाचा पुढचा भाग येणार असं खाली छापलंय, तर त्यात विमानाच्या फोटोबरोबर फेल झालेल्या एखाद्या होलचा जवळून काढलेला फोटोही टाका, दोन्ही बाजूंचा.

एक वाचक